सात पाऊण सव्वापाच

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्या दिवशी खाडी सव्वाअकराच्या सुमारास भरणार, दिवसाही आणि रात्रीही. अष्टमीला सहा. शुद्ध पक्ष असो की वद्य, मुंबईपासून खाली कोकणभर हा हिशेब थोड्याफार फरकाने जुळतो, कारण चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो आणि पाणी त्याच्या मागोमाग चालतं. मानखुर्द, मंडाले, ट्रॉम्बे या खाडीकाठच्या गावांत हा हिशेब न येणारा बाप्या माझ्या लहानपणी शोधूनही सापडला नसता. आम्ही पोरं शाळेत पावकी-निमकी-पाऊणकी घोकायचो, पण पाऊणकी कशाशी खातात ते गुरुजींनी कधी सांगितलं नाही. ते मला ट्रॉम्बेच्या बंदरावर एका तांडेलाने सांगितलं, रथसप्तमीच्या आदल्या संध्याकाळी.

साठच्या दशकाची सुरुवात होती. वाशीचा पहिला पूल १९७३ साली झाला. तो तेव्हा आमच्याकडे कुणाच्या बोलण्यातही नव्हता. मानखुर्दहून पेणच्या खारेपाटात आत्याकडे जायचं तर ठाणे-मुंब्रा-पनवेल असा एस.टी.चा लांबलचक वळसा, नाहीतर भाऊच्या धक्क्यावर जाऊन लाँच. काकाने तिसरी वाट काढली. त्याच्या ओळखीच्या तांडेलाचा मचवा पेंढा आणि विटा उतरवून धरमतरला परत निघाला होता. परतीचा माल म्हणजे किराणा, सिमेंटची थोडी पोती आणि रॉकेलचे रिकामे डबे. दोन माणसं वर बसली तर भाडं कोण मागणार? आईने जाताना तिळगुळाचा डबा हातात दिला आणि बजावलं, की तिळगूळ रथसप्तमीपर्यंतच देतात, उद्या दिवस मावळायच्या आत हा आत्याच्या हातात पडला पाहिजे. नंतर दिलेत तर ते नुसते लाडू.

काकाने म्हणून बंदरावर पोचताच विचारलं, "तांडेल, उद्या किती वाजता सोडता?"

"सातम हाय. सात पाऊण सव्वापाच. पानी भरला का सोडू."

"आणि पोचायचं कधी?"

"ता वाऱ्याला इचार," असं म्हणून तांडेल विडी पेटवायला वळला. त्याने टोलवाटोलवी केली असं मला तेव्हा वाटलं. पण त्याच्याकडे एका प्रश्नाचं मिनिटांतलं उत्तर होतं, दुसऱ्याचं नव्हतंच, आणि नसलेलं उत्तर त्याने दिलं नाही.

ट्रॉम्बेहून धरमतरला जायचं म्हणजे एका खाडीतून बाहेर पडून दुसरीत शिरायचं. ठाण्याच्या खाडीतून ओहोटीबरोबर दक्षिणेला उतरायचं, न्हावा आणि घारापुरी मागे टाकायची, उरणच्या डोंगराला वळसा घालून करंजा आणि रेवस यांच्यामधल्या तोंडाशी यायचं, आणि तिथून भरती धरून अंबा नदीच्या खाडीत वर चढायचं. ओहोटीने बाहेर, भरतीने आत. हे दिवसाउजेडी जमवायचं तर पहाटेच पाणी भरलेलं हवं, म्हणजे तिथी सहा ते आठच्या घरातली हवी. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाचं पाणी येतं. मुंबईत मोठ्या उधाणाला चढउतार पाच मीटरच्या आसपास जातो, ओढ अशी की शीड नसलं तरी मचवा वाहत जाईल. पण ती ओहोटी दुपारी लागते आणि दुसरी खाडी अंधारात गाठावी लागते. सप्तमी-अष्टमीला दिवस हाती असतो, पण पाणी भांगाचं, सुस्त, उधाणाच्या निम्म्यानेही हलत नाही. जोर हवा तर उजेड सोडा, उजेड हवा तर जोर सोडा. तांडेलाने आमच्यासाठी उजेड निवडला नव्हता; पेणच्या व्यापाऱ्याचा माल सोमवारच्या आत हवा होता आणि रात्री खाडीच्या तोंडाशी गाळात रुतायची त्याची तयारी नव्हती.

रात्री मचव्यावरच झोपलो. लाकडाला चोपडलेल्या माशाच्या तेलाचा वास नाकात इतका बसला की पुढे आत्याच्या घरी जेवताना भातालाही तोच येत होता. डोलकाठी सरळ उभी नव्हती, नाळेकडे झुकलेली होती. मला वाटलं वाकलीच आहे. काकाने सांगितलं, ती तशीच असते. एवढं मोठं तिरकं शीड डोलकाठीला अडकू न देता एका बाजूचं दुसऱ्या बाजूला न्यायचं तर पुढे मोकळी जागा लागते. शिडाची काठी एका लाकडाची नव्हती. दोन लांब वासे मधोमध एकावर एक घेऊन सुंभाने आवळले होते, आणि त्या जोडावर सुंभाचे वेढे इतके जवळजवळ बसवले होते की बोटाचं नख मध्ये जात नव्हतं. मी घालून पाहिलं. शीड मादरपाटाचं, ठिकठिकाणी ठिगळं लावलेलं, आणि एक ठिगळ चक्क साखरेच्या पोत्याचं, त्यावरची निळी अक्षरं उलटी.

पहाटे सोडलं तेव्हा मिट्ट काळोख होता. सप्तमीचा अर्धा चंद्र मध्यरात्रीच मावळून गेलेला. चार खलाशी दोरीला लटकले, एकाने हाळी दिली, बाकीच्यांनी ओढलं, आणि शीड वर जाताना दहिवराचं पाणी आमच्या अंगावर टपटपलं. वारा जमिनीवरून येणारा, भूगोलाच्या पुस्तकातला मतलई वारा, ईशान्येकडून, माघातला, कानाला झोंबणारा. मागून वारा, खालून ओहोटी. मचवा चालला आहे हे मला कळेना. आवाज नाही, धक्का नाही. काठावरचा एक दिवा दुसऱ्या दिव्याच्या मागे हळूच गेला, तेव्हा कळलं.

पूर्वेच्या डोंगरांमागून सूर्य आला तेव्हा ट्रॉम्बेचा डोंगर उजव्या हाताला उभा होता, सुमारे तीनशे मीटरचा, सकाळच्या उन्हात तांबूस. रथसप्तमीचा सूर्य म्हणून काकाने ओंजळभर खाडीचंच पाणी सोडलं. डोंगराच्या पायथ्याशी अणुभट्टीचा पांढरा घुमट दिसत होता. 'अप्सरा' १९५६ साली सुरू झाली, 'सायरस' १९६० साली. हा घुमट 'सायरस'चा. पाण्यातून वाट काढायला तांडेल काठावरच्या खुणा धरायचा, एक देऊळ, एक ताडाचं झाड, डोंगरातली एक खिंड. त्यांत त्याने हा घुमटही बसवून टाकला होता. घुमट अमक्या खिंडीच्या खाली आला की सुकाणू डावीकडे दाबायचं, तिथे पाणी दोन वाव आहे, त्या पलीकडे गाळ. आत अणू फुटतो की काय होतं याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. घुमट पांढरा होता, मोठा होता आणि जागचा हलत नव्हता. बस्स.

आज याच पाण्यावरून अटल सेतू जातो. १२ जानेवारी २०२४ ला तो खुला झाला, लांबी सुमारे २१.८ किलोमीटर. आम्हाला ट्रॉम्बेहून घारापुरीच्या बाजूला यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात शिवडीची मोटार आता खोपोलीच्या पुढे गेलेली असते. न्हावा-शेव्याचं बंदर १९८९ साली आलं. आम्ही गेलो तेव्हा तिथे खाजण आणि मिठागरं होती. हे सगळं वाईट झालं असं मी म्हणणार नाही. पेणला आजारी माणूस असेल तर मला सेतूच हवा.

दहा वाजायच्या सुमारास, उरणचं मोरा बंदर डावीकडे असताना, वारा पडला.

शिडाच्या प्रवासाबद्दल लिहिणारे बहुतेक जण इथे एक शांत परिच्छेद लिहितात. निश्चल पाणी, लोंबणारं शीड, काळ थांबल्याची जाणीव वगैरे. मीही कदाचित तोच लिहिला असता, पण माझ्या समोर तांडेल उभा होता आणि त्याचा चेहरा पालटला होता. सकाळपासून सुकाणूच्या दांड्यावर पाय टाकून तो जवळजवळ लोळत होता. आता उठला, पाण्यात थुंकला, थुंकी किती सरकते ते पाहिलं आणि ओरडला. चौघांनी वल्ही काढली. मला बाजूला सारलं, काकालाही वल्ह्यावर बसवलं.

ओहोटी अजून तास-दीड तास उरली होती, तीही मरगळलेली. मुंबईच्या बंदरात भरती उत्तरेला चढते. उरणचा डोंगर वळून करंज्याचा कोपरा गाठायच्या आत पाणी फिरलं असतं, तर तीच भरती आम्हाला उलट्या पावली ट्रॉम्बेकडे घेऊन गेली असती. नांगर टाकून सहा तास बसा, नाहीतर पहाटेपासूनची सगळी वाट परत द्या. आणि कोपऱ्याच्या पलीकडे गेलं की तीच भरती आपली, धरमतरच्या दिशेने ओढणारी. फरक दोन-तीन मैलांचा. वल्ह्यावरच्या माणसांच्या पाठीवर माघाच्या थंडीत घामाचे ओघळ आले. एकाच्या तळहाताचा जुना फोड फुटला. त्याने तो खाऱ्या पाण्यात बुडवला, शिवी हासडली आणि पुन्हा वल्हं धरलं. कुणी गाणं म्हणत नव्हतं.

करंज्याचा कोपरा मागे पडला तसा तांडेलाने हात वर केला. वल्ही आत आली. आणि मग तो पुन्हा लोळला! वारा अजून आलेला नव्हता, पाणी फिरायला थोडा अवकाश होता, मचवा जवळपास जागीच होता, आणि हा माणूस डोक्याखाली दोरीची चुंबळ घेऊन डोळे मिटून पडला. नाळेजवळच्या वाळूच्या पेटीतल्या चुलीवर भात चढला, सुक्या बोंबलाचं कालवण झालं. काका म्हणाला, "आता का थांबलो?" एका खलाशाने बोंबील चोखत उत्तर दिलं, "आता थांबाला पैसं पडत नाय."

मी पुढे नोकरीत बरीच वर्षं वेळापत्रकं सांभाळली. थांबण्याचा हिशेब इतका नेमका करणारा माणूस मला त्या तांडेलाइतका दुसरा भेटला नाही. त्याला घाई नव्हती म्हणावं, तर अर्धा दिवस पाहिलेला कुणीही ते खोटं पाडेल. त्याला संयम होता म्हणावं, तर मोऱ्याजवळ तो संयमी दिसत नव्हता. त्याला एवढंच माहीत होतं, की कुठे थांबणं फुकट आहे आणि कुठे महाग. बंदरावर सव्वापाचची वाट पाहणं फुकट. मोऱ्यासमोर पाव तास बसणं म्हणजे सहा तासांचा खर्च. करंज्याच्या आत पुन्हा फुकट. फुकट असेल तिथे तो इतका मनसोक्त थांबायचा की आळशी वाटावा. महाग असेल तिथे माणसांचे तळहात फोडायलाही मागेपुढे पाहायचा नाही. शिडाच्या जहाजाचं कौतुक करणारे आम्ही प्रवासी पहिली गोष्ट पाहतो. दुसरी ज्याच्या तळहातावर असते तो सहसा लेख लिहीत नाही.

२०२५ साली भारतीय नौदलात 'कौण्डिन्य' नावाचं शिवलेलं जहाज सामील झालं. अजिंठ्याच्या लेण्यातल्या जहाजाच्या चित्रावरून बांधलेलं, फळ्या खिळ्यांऐवजी दोरीने शिवलेल्या, इंजिन नाही. वर्षाच्या शेवटी ते पोरबंदरहून निघालं आणि जानेवारीत मस्कतला पोचलं. त्याच्या बातम्या मी हावरटासारख्या वाचल्या. त्या खलाशांनी जे केलं ते सोपं नाही, आणि शिवलेल्या फळ्या समुद्रात कशा वागतात हे ज्ञान कागदावरून परत पाण्यावर आणणं ही मोलाची गोष्ट आहे. तरीही मनात आलं, की यांच्यासाठी वारा पडणं हा प्रयोगाचा भाग आहे. सोमवारच्या आत सिमेंट हवं असलेला व्यापारी मस्कतच्या धक्क्यावर उभा नाही.

दुपारी एकच्या सुमारास वायव्येकडून खारा वारा आला, आधी पाण्यावर काळसर पट्टा आणि मग शिडात धप्प आवाज. भरतीही लागलेली. दोन्ही एकाच दिशेला, धरमतरकडे. खाडीच्या दोन्ही काठांना खारबंदिस्तीचे बांध, त्यामागे कापणी झालेली भाताची खाचरं, बांधावर चालणारी माणसं आमच्यापेक्षा उंचावर. उन्हं कलली तेव्हा आम्ही उतरलो आणि बांधावरून चालत आत्याच्या दारात गेलो. तिळगूळ मुदतीत पोचला.

आत्याने डबा घेतला, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि काकाकडे वळली. "पोराला घेऊन शिडाच्या होडीनं आलास?" १७ जुलै १९४७ ला, गटारीच्या अमावास्येला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्या भागात कुणाचं ना कुणाचं माणूस गेलं नाही असं गाव विरळा. आत्या त्यानंतर पाण्यावर पाऊल टाकत नसे. काकाने सांगून पाहिलं, की रामदास आगबोट होती, शिडाची नव्हती. आपला तांडेल आषाढात बंदर सोडतच नाही. आत्याचं म्हणणं, पाण्याला काय कळतं शीड आणि आग.

या वादात मी आज काकाच्या बाजूने आहे, पण वेगळ्या कारणासाठी. आगबोट सुरक्षित की होडी, याचं उत्तर होडीच्या बाजूने देणं कठीण आहे. शिडाच्या होड्याही बुडतच होत्या, त्यांची फक्त बातमी होत नव्हती. पण जिला वेळापत्रक असतं तिला निघावं लागतं. शिडाच्या तांडेलाजवळ "आज नाही" हे दोन शब्द होते आणि ते ऐकून घेण्याची समोरच्याला सवय होती. वारा नाही, पाणी नाही, आभाळ बरं नाही. व्यापारी चरफडे, पण मान्य करी, कारण त्याच्यासमोर तांडेल उभा नसे, वारा उभा असे.

मानखुर्दला मी अजून राहतो. स्टेशनच्या आसपास गेल्या पंचवीस वर्षांत पुनर्वसनाच्या इमारती उभ्या राहिल्या. रेल्वेच्या रुळांलगत, रस्त्यांच्या रुंदीकरणात घरं गेलेली हजारो कुटुंबं लल्लूभाई कंपाउंडसारख्या वसाहतींत आली. इथे वाट पाहणं हा दिवसाचा मोठा भाग आहे. नळाला पाणी येण्याची, लिफ्ट दुरुस्त होण्याची, कागदावर सही होण्याची, टी जंक्शनचा सिग्नल सुटण्याची. तांडेलाच्या थांबण्याशी याची तुलना करावी असा मोह होतो आणि ती लागू पडत नाही. त्याच्या थांबण्याला कोष्टक होतं, आणि ते त्याच्या तोंडपाठ होतं. खालच्या मजल्यावरची बाई पहाटे साडेतीनला उठून बादल्या लावते तेव्हा पाणी चारला येईल की येणारच नाही, हे कुठल्या तिथीवरून काढायचं? तिला थांबणं फुकट आहे की महाग तेही कळत नाही, म्हणून ती प्रत्येक वेळी महागच धरते. आणि मोटारसायकलवर जेवणाचे डबे पोचवणारी तिची पोरं. भर पावसात मोबाइल वाजला की निघायचं. त्यांच्या बोलण्यात पाऊस हे कारण असतं, पण ऐकून घेणारं पलीकडे कुणी नसतं.

तांडेल मला पुढे पुन्हा भेटला, मी कॉलेजात असताना, त्याच ट्रॉम्बेच्या बंदरावर. मचवा तोच. डोलकाठी निम्म्यावर कापलेली, मागे इंजिन बसवलेलं, डिझेलचा काळा ओघळ फळीवरून पाण्यापर्यंत. मला शिडाचं वाईट वाटत होतं; शहरातल्या पोराला वाटायचंच. त्याला अजिबात वाटत नव्हतं. वल्ही त्याने जळणाला दिली होती आणि ते सांगताना तो मनापासून खूश होता. मोऱ्यासमोर वारा पडला तर पडू दे, आता बटण आहे. मग विडी काढली आणि म्हणाला, एकच वाईट झाला. पहिला नाय बोललो तं शेट गप बसायचा. आता बोलतो, मिशीन हाय ना तुझ्याकडं? आता नाय बोलाला कारनच नाय.

त्यावरही त्याने तोड काढली होती. अंगात कणकण असली, घरी लग्न असलं, किंवा नुसतं आभाळ आवडलं नाही, की तो शेटला निरोप पाठवायचा, मिशीन बिघडलंय. हे दोन मोसम छान चाललं. तिसऱ्या मोसमात शेटने पगारी मेकॅनिक ठेवला, आणि त्याची झोपायची सोय मचव्यावरच केली.